आनंदरावांच्या काचेच्या नळीतला पाक

प्रतापनगर, नागपूर
१८ जानेवारी १९८३

ती. स्व. देवराव भाऊजींना वामनचा साष्टांग नमस्कार. छातीतली कळ आता कशी आहे? शोभाताई जिना चढू देत नाही म्हणे. आमचीच बहीण ती, ऐकून घ्या. इकडे सगळं ठीक (म्हणजे पुष्पलता ठीक आहे, मी जळतोय).

आमच्या कॉलेजातले आनंदराव आठवतात ना? बावीस वर्षं आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत पोरांना कालव्याचं पाणी शिकवतो. गेल्या वर्षी त्यांना एकाएकी रक्ताचं वेड लागलं. हृदयाची नस तुंबली की पायाची शीर काढून बाजूने वाट करतात (पुढच्या महिन्यात मुंबईला तुमचं व्हायचंय तेच). त्या शिरेत रक्त कसं वाहतं ते पाहायला त्यांनी काचेच्या नळ्या जोडल्या, पंप लावला आणि माझं कालव्याचं मॉडेल उचलून सायकल स्टँडवर ठेवलं. तेव्हापासून प्राचार्य त्यांना आधी नमस्कार करतात. माझा जळफळाट होतो भाऊजी, लपवत नाही.

रक्ताइतकं दाट पाणी करायला ग्लिसरीन लागतं. दिल्लीचे पाहुणे हा प्रयोग पाहायला यायच्या आदल्या दिवशी नेमकं ते संपलं, आणि हे महाशय थेट आमच्या स्वयंपाकघरात! "वहिनी, साखरेचा पाक करून द्या न जी. एकतारी व्हायच्या आधीच उतरवा. तुमच्यासारखा हात कोनाले नाही." (मला बिनसाखरेचा चहा देणारी बाई चक्क लाजली.) तिची पाठ वळताच मी पातेलं पुन्हा स्टोव्हवर चढवलं आणि पाक चांगला दोनतारी केला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर पंप सुरू झाला. जोडाच्या कोपऱ्यात पाक रेंगाळला, अडला, नळी बंद. मी रुमालाआड हसतोय, तोच आनंदराव ओरडले, "पाहा साहेब, शीर इथंच तुंबते! जोड जास्त उभा झाला का प्रवाह रेंगाळून राहते!" पाहुण्यांनी फोटो काढले. आता मार्चमध्ये आनंदराव मद्रासच्या परिषदेला चाललेत, आणि भाषणात पुष्पलताचे आभार मानणार आहेत. माझे नाही.

आपला,
वामन

ता. क. पातेल्याचं शोभाताईला सांगू नका. ती पुष्पलताला लिहील.

आणखी एक ता. क. सोबत एक नकाशा आहे. जोड किती तिरपा ठेवला म्हणजे प्रवाह अडत नाही, ते त्यात आहे (आकडे ग्लिसरीनचे, पाकाचे नाहीत). तुमच्या सर्जनना दाखवा. हसले तर हसू द्या, पण दाखवाच. मी महाल भागात आनंदरावांच्या घरी जाऊन हात जोडले, तेव्हा ते तीन रविवार बसून हा काढते झाले. खाली माझंही नाव घालणार होतो, घातलं नाही. बावीस वर्षांत त्यांचं एकही गणित बरोबर निघावं असं मला वाटलं नव्हतं. एवढं एक निघू दे, म्हणून काल टेकडीच्या गणपतीला नारळ फोडून आलो.