नापास झाल्याचं घरी सांगण्याचा तास

सर,

तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. मधल्या काळात तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण आज लिहायला बसले ती भीतीपोटी. पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गातली चार मुलं पुण्याला शिकायला निघाली आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांपेक्षा मीच जास्त घाबरले आहे.

पाचोऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. शनिवारी दुपारी बारावीच्या मुलांना थांबवून घेते आणि तुम्ही मला जे शिकवलंत तेच शिकवते, शहरातल्या कॉलेजात इंग्रजी तासाला कसं टिकायचं ते. शिंदखेड्याला तुमच्या स्वयंपाकघरात काकू ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायच्या, तुम्ही इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचायचात आणि मी भिंतीला टेकून टिपणं काढायची. एकदा मी म्हटलं, "सर, जरा थांबा ना." तुम्ही पुस्तक मिटलंत. "तिकडे तुझ्यासाठी कोण थांबणार आहे? सुटलं ते सुटलं. पुढचं पकड." काकूंनी तुमच्याकडे रागाने पाहिलं आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. तुम्ही परत वाचायला लागलात, त्याच वेगाने. मागच्या वर्षापर्यंत मीही थांबत नव्हते. तुमचं ते वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं निघायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीत एक मुलगी होती. घरची केळीची बाग, घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. तुम्हाला आवडली असती. ती पुण्याला इंजिनिअरिंगला गेली तेव्हा मी कॉलेजभर पेढे वाटले. आणि मागच्या थंडीत, मी प्रयोगशाळेत असताना तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, पोरगी तीन दिवस व्हयनात फोन उचलत नही. तुम्हले काही म्हाईत शे का?" मी म्हटलं, परीक्षा असेल, काळजी करू नका. फोन ठेवला आणि हॉस्टेलमधल्या तिच्या मैत्रिणीला लावला. ती म्हणाली, "मॅडम, ती काल सकाळीच बॅग घेऊन गेली. घरी जाते म्हणाली." घरी तर ती पोचली नव्हती. मी तिचे जुने मेसेज उघडले. बारा दिवसांपूर्वी तिने लिहिलं होतं, 'मॅडम, वर्गात काहीच समजत नाही.' त्याखाली माझं उत्तर, 'मेहनत कर, होईल सगळं.' आणि एक अंगठा. सर, त्या अंगठ्याकडे मी किती वेळ बघत बसले ते मला सांगता येणार नाही. खिडकीबाहेरून रेल्वेगाडीची शिट्टी ऐकू आली आणि मनात जे आलं ते आजही कागदावर उतरवायचा धीर होत नाही.

तासाभराने तिच्या आईचा पुन्हा फोन आला. मुलगी चाळीसगावला मावशीकडे सापडली होती. नुसती बसून होती, जेवत नव्हती, बोलत नव्हती. आम्ही दोघी मिळेल त्या गाडीने गेलो. वाटभर आई माझं मनगट धरून होती. मावशीने आईला आत नेलं आणि मी मुलीजवळ बसले.

ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं ना, वर्गात प्रश्न विचारायचा. मी विचारला. मध्येच अडखळले. सगळे हसले. मग नाही विचारला."

"मग?"

"मग सुटत गेलं. तुम्ही म्हणायच्या, पुढचं पकड. पुढचंही पकडता येईना. दोन विषय गेले, मॅडम. आईला कसं सांगू? तुम्ही पेढे वाटले होते."

माझ्याकडे तिला द्यायला एकच खरी गोष्ट होती, ती मी दिली. पहिल्या सहामाहीत मीही दोन विषयांत नापास झाले होते. मी शिकायला निघताना तुम्ही स्वतःचा पत्ता घातलेली डझनभर पोस्टकार्डं दिली होतीत, त्यांतल्या प्रत्येकावर मी लिहिलं, 'अभ्यास उत्तम चालू आहे.' शेवटी मेसमध्ये रडताना वरच्या वर्गातल्या एका मुलीने पकडलं, तिला खरं सांगितलं, तेव्हा कुठे कोणी शिकवायला बसलं. हे ऐकून ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "सरांना कधी सांगितलं तुम्ही?" मी मान हलवली, नाही. मग ती उठली, आत गेली आणि आईला सांगितलं. आईने सगळंच बाजूला सारलं, एवढंच म्हणाली, "बठ्ठं ऱ्हाऊ दे. आधी जेवी ले."

जानेवारीत मी तिच्यासोबत पुण्याला गेले. विभागातल्या एका बाईंनी जादा तास लावून दिले. एक विषय सुटला, दुसरा अजून अडकलेला आहे. ती तिथेच टिकून आहे. तिचा फोन वाजला की मी अजूनही हातातलं टाकून पहिल्या रिंगला उचलते.

आता शनिवारी मी मध्येच थांबते. मुलांना अडखळत प्रश्न विचारायला लावते, कोणी हसलं तर पुढचा प्रश्न त्यानेच विचारायचा. आणि एक तास फक्त घरी वाईट बातमी सांगण्याचा. परवा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, नापास व्हायची प्रॅक्टिस कोणी करतं का?" वर्ग हसला, मीही हसले, आणि तिलाच पहिली उभी केली. एवढ्याने ही चौघं सावरतील का, मला माहीत नाही. पाचवं कोणी असेल, जे मला काही लिहिणारच नाही, त्याचं काय, तेही माहीत नाही. तुम्हालाही अशी भीती वाटायची का? मी गाडीत बसले तेव्हा तुम्ही हात न हलवता उभे होतात. ते कडक शिस्तीचं उभं राहणं आहे असं मी इतकी वर्षं समजत आले.

आज तुम्ही असता, सर, तर यातलं एक अक्षरही मी तुम्हाला कळवलं नसतं.