बॅलन्स शाफ्ट, दातांच्या डॉक्टर आणि पाटीवरचं नाव

ती. मामांना,

भाचीचा नमस्कार (ग्रीससकट, हात धुवायला वेळ नाही). गुडघे कसे आहेत? मामी पथ्य पाळायला लावते ना? मी ठणठणीत आहे, फक्त डोकं तापलं आहे.

दातांच्या डॉक्टरबाईंच्या गाडीबद्दल मी तुम्हाला चार पानं लिहिली आणि तुमचं उत्तर काय, तर एक ओळ! 'इंजिनाच्या कुशीतल्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून पाहिलंस का?' इतकी वर्षं तुमच्या हाताखाली काढली, आता तुमचं गॅरेज एकटी चालवते, आणि तुम्ही मला पहिल्या दिवशीचा धडा विचारता (मुठीपर्यंत गेला तर मागचा बॅलन्स शाफ्ट सरळ, मध्येच अडला तर उलटा). नाही पाहिलं. पाहणारही नाही.

अहो, चार सिलिंडरचं इंजिन थरथरणारच. दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, वरवर हिशेब चोख. पण वरच्या निम्म्या वाटेत पिस्टन जोरात धावतात, खालच्या निम्म्या वाटेत रमतगमत, आणि तेवढ्या फरकानं दर फेऱ्याला दोनदा हिसका बसतो. (हे तुम्हीच जेवताना दोन्ही हातांत चमचे नाचवून शिकवलंत, आणि मामीनं दोघांनाही टेबलावरून उठवलं होतं.) तो हिसका जिरवायला दोन बॅलन्स शाफ्ट, एका अंगानं जड, एकमेकांच्या उलट आणि दुप्पट वेगानं फिरणारे. बाईंच्या गाडीच्या इंजिनाचा पट्टा बदलताना मी ते खुणेला खूण जुळवून बसवले. आणखी काय करायचं, ओवाळायचं?

तरी गाडी परत आली. बाई म्हणाल्या, दवाखान्यात पोचल्यावरही हात थरथरतात. ते पाहून पहिला पेशंट गळ्यातल्या फडक्यासकट पळाला. मी इंजिनाखालचे रबर बदलले. गाडी परत आली. मग मी त्यांना दवाखाना जरा उशिरा उघडायचा सल्ला दिला (अगदी गंभीरपणे), तर त्यांनी मलाच गाडीत बसवलं. मामा, आरशात मागची प्रत्येक गाडी दोन-दोन दिसत होती. बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, समोरचा कप्पा आपोआप उघडला आणि नमुन्याच्या कवळ्या कडकडत माझ्या मांडीवर पडल्या. मी म्हटलं, रस्ता खराब आहे. तेव्हा आम्ही सिग्नलला उभ्या होतो.

तुमची अट मला पाठ आहे. ही गाडी यापुढे परत आली नाही तर पाटीवर माझं नाव, नाहीतर गॅरेज तुमच्या जावईबापूंना. ज्यांना बॉनेट कुठून उघडतं ते अजून सापडलेलं नाही त्यांना! मला राग येतो, मामा, आणि वाईटही वाटतं. तुम्ही रविवारी तपासायला येणार ना, खुशाल या. मी पेंटरला बोलावलं आहे. गाडी थरथरो नाहीतर नाचो, पाटीवर नाव माझंच लागणार.

तुमची (तरीही) लाडकी,
भाची

ता. क. तुम्हाला खोटं पाडायचं म्हणूनच आज स्क्रूड्रायव्हर घातला. दोन बोटं आत गेला आणि अडला. भोकच उथळ असणार.

ता. क. भोक उथळ नाही. खुणा जुळूनही मागचा शाफ्ट अर्धा फेरा उलटा बसला होता (पट्ट्याच्या चाकावरची खूण शाफ्ट उलटा असतानाही जुळते), म्हणजे हिसका जिरवायच्या ऐवजी वाढवत होता. फिरवला, आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. याला कबुली समजू नये. दोष मीच शोधला, भोक फक्त तुमचं.

ता. क. शाफ्ट हलू नये म्हणून स्क्रूड्रायव्हर तसाच ठेवून पट्टा चढवला. तेवढ्यात पेंटर माझ्या नावाची रंगवलेली पाटी दाखवायला आला, मी हरखले आणि तशीच चावी फिरवली. आता पट्टा तुटला आहे आणि स्क्रूड्रायव्हर आत वाकून बसला आहे, निघत नाही. तुम्ही रविवारची वाट पाहू नका, उद्याच या. नवा पट्टा आणा. जावईबापूंना आणू नका. पाटीकडे पाहून काही बोलायचं नाही, रंग वाळला आहे.