खिडकीकडं ओढलेलं मशीन

शिरूर,
९ फेब्रुवारी २०२५

ती. चांगुणाताईस,
धाकट्या नागसेनचा स. जयभीम वि. वि.

फोनवर आपण दोन मिनिटांत भांडायला लागतो, म्हणून पत्र. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

नव्या घरात येऊन महिना झाला. हॉल सोळा फूट चार इंच बाय अकरा फूट दोन. बिल्डरच्या कागदावर सोळा-सहा होता, मी टेप लावून त्याला दाखवला. भाग्यश्रीनं शेजारच्या अनुपमा वहिनींचा डिझायनर बोलावला. त्यानं रंगीत चित्र काढून आणलं. वर खोटं छत, भिंतभर चकचकीत लॅमिनेट आणि सोफा असा, की बसल्या माणसानं उठायला परवानगी मागावी. मी म्हटलं, सव्वीस वर्षं रांजणगावच्या कारखान्यात मशिनी बसवतोय. आयटीआयचं तोंड न बघता फिटर झालो. माझं घर दुसरा का मांडेल?

आणि मांडलं. कारखान्यात करतो तसंच. प्रत्येक वस्तूच्या जागेभोवती फरशीवर पिवळी पट्टी. खुर्चीला चौकट, टीपॉयला चौकट, भाग्यश्रीच्या शिलाई मशीनला न्हाणीच्या दारालगतच्या कोपऱ्यात चौकट. स्वयंपाकघरात फळीवर झारा, पळी, लाटणं यांच्या आकृत्या रंगवल्या. वस्तू जागेवर नसली की आकृती रिकामी दिसते, म्हणजे लगेच कळतं. काम एक नंबर झालंय, एकही पट्टी दोन मिलिमीटरनं वाकडी नाही.

भाग्यश्रीनं सगळं बघितलं आणि एवढंच विचारलं, की तिनं कुठं उभं राहायचं ती आकृती काढायची राहिली का. तेवीस मार्चला बुद्धवंदना ठेवलीय, तुम्ही सगळे येणार. तोवर हे घर तिला स्वतःचं वाटलं तर ठीक, नाहीतर डिझायनरचं काम सुरू, असं तिनं बजावलंय. मला तर चूक कुठं झाली तेच कळेना.

तुझी माया आहे तेवढी राहू दे, टोमणे कमी केलेस तरी चालेल.

तुझा,
नागसेन


दौंड,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. नागसेन यास,
ताईचा अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आन् पाठोपाठ तुझी बायको आली. लग्नसराईचे बेतलेले ब्लाउज पिशवीत भरून आणलेत, माझ्या जुन्या मशीनवर बसून शिवतीय. कधी जाणार म्हणून विचारलं, तर म्हणाली, पट्ट्या पुसल्या की. तू फोन करू नकोस, ती उचलायची न्हाई.

अरे, माझी सगळी नोकरी रेल्वेच्या दवाखान्यात झाली. तिथंसुद्धा खाटांभोवती कुणी रंग मारला न्हाई. पेशंट पळून जातील म्हणून!

तिला काय पाहिजे ते मला ठाऊक हाय, पण सांगायची न्हाई. सांगितलं तर तू तेही मोजून, रंगवून ठेवशील. कारखान्यात मशीन बिघडलं तर तू आधी पाना उचलतोस का आधी बघतोस? मग घरात बघितलं का न्हाईस?

भाकरी करून खा. ढाब्यावर जाऊ नकोस.

तुझ्या भल्यासाठीच कान पिळणारी,
चांगुणाताई


शिरूर,
२६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
स. जयभीम.

लागलं ते लागलं. पण घरात बघितलं का न्हाईस, हे तुझं बरोबर निघालं.

रविवारी थिनर आणि चिंध्या घेऊन पट्ट्या पुसायला बसलो. गुडघ्यावर बसल्यावर फरशी दिसायला लागली. कोपऱ्यातल्या चौकटीपासून पूर्वेच्या खिडकीपर्यंत दोन समांतर ओरखडे, नऊ फूट सात इंच. मशीनच्या पायांचे. म्हणजे मी कामावर गेलो की भाग्यश्री रोज मशीन ओढत खिडकीशी नेत होती, आणि मी यायच्या आत परत चौकटीत ठेवत होती. खिडकीखाली फरशीच्या फटींत लाल, मोरपंखी, पिवळे दोरे अडकलेले. पलंगाच्या कडेवर खडूचे डाग. कापड बेतायला तिला जागाच नव्हती.

ताई, त्या डिझायनरचं चित्र परत उघडून बघितलं. त्यातही मशीन नव्हतं. त्यानं ते गॅलरीत कपाटाआड ढकललं होतं, मी कोपऱ्यात. आम्ही दोघांनी पाहुण्यांचं घर मांडलं. हे घर काम करणाऱ्या माणसांचं आहे, ते दिसायला पाहिजे. माझी पद्धत मला सापडली. काम लपवायचं नाही, मधोमध मांडायचं.

आता एक मदत. बेतायचं टेबल करतोय. ती उभी असताना जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप पाहिजे. तिला कळू न देता. आणि वितीनं मोजू नकोस, टेपनं मोज!

तुझ्या रागालाही जपून ठेवणारा,
नागसेन


दौंड,
४ मार्च २०२५

चि. नागसेन,
आशीर्वाद.

अडतीस इंच. भिंतीला टेकवून उभी केली, म्हटलं तू वाकायला लागलीस का ते बघते. कोपरापाशी पेन्सिलची खूण केली. माझी भिंत खराब झाली ती तुझ्या नावावर.

ती रविवारी निघतीय. पट्ट्या पुसल्याचं मी सांगितलं, बाकी काही न्हाई. तिनं एवढंच विचारलं, की हे जेवतात का नीट.

सांभाळून राहा. पायात चप्पल घालून रंधा मार.

चांगुणाताई


शिरूर,
२५ मार्च २०२५

ती. ताईस,
नागसेन आणि भाग्यश्री यांचा स. जयभीम.

परवा वंदना आटोपून तू साडेचारच्या गाडीसाठी निघालीस आणि खरी गंमत नंतर झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

खिडकीशी मशीनशेजारचं टेबल तू बघितलंसच. मशिनी येतात त्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या, उंची कोपराच्या चार इंच खाली, बरोबर चौतीस, सांधे खिळ्याशिवाय. पण परत आल्या दिवशी भाग्यश्रीनं ते बघितलं, हात फिरवला आणि सरळ दीड फूट डावीकडं सरकवलं. मी आखून बसवलेलं टेबल! तरी परत ओढलं नाही, ताई. सकाळी बघतो तर उजेड बरोबर कापडावर आणि तिची सावली मागं. माझी जागा चुकली होती. हे मी लिहून देतोय, जपून ठेव. ब्लाउजांच्या उरलेल्या तुकड्यांचे पडदेही तिनंच शिवले. रंग असे, की मला चार जन्मांत सुचले नसते.

तर तू गेल्यावर अनुपमा वहिनींची मुलगी धावत आली. नव्या ब्लाउजची बाही उसवलेली, आणि तिला वढूला कार्यक्रमाला निघायचं. हॉल माणसांनी भरलेला. एरवी भाग्यश्रीनं ते मशीन चादरीखाली झाकलं असतं. परवा सगळ्यांसमोर खिडकीशी बसली आणि पाच मिनिटांत काम करून दिलं. पाहुणे ताटं घेऊन भोवती उभे. कुणी शिवण विचारतंय, कुणी टेबल ठोकून बघतंय. अनुपमा वहिनी म्हणाल्या, की त्यांच्या हॉलमध्ये तीन वर्षांत इतकी माणसं कधी उभी राहिली नाहीत, सोफ्यामुळं.

तेवढ्यात डिझायनरचाच फोन आला, काम कधी धरू म्हणून. भाग्यश्रीनं सगळ्यांच्या देखत त्याला सांगितलं, की माझं घर झालंय. "आमचं" नाही, ताई, "माझं" म्हणाली. सव्वीस वर्षांत साहेबांनी पाठ थोपटली तेव्हाही छाती एवढी फुगली नव्हती.

खाली भाग्यश्रीला दोन ओळी लिहायच्यात, जागा सोडतो.

तुझा लोभ आम्हां दोघांवर सारखा असू दे,
नागसेन

ती. ताईंना जयभीम. यांनी लिहिलंय ते खरं हाय, टेबल झकास झालंय. पण सांधे मला रोज दाखवतात. आतली खोली आता मी मांडणार. यांना टेप धरायला ठेवलंय.
— भाग्यश्री