भाषण माझे, रुमाल आबांचा

भाद्रपद शु. ९, शके १८५५. लोणावळे
काल मळवलीच्या गणपतीपुढे व्याख्यान. पाऊस असून मंडप गच्च. म्हणालो, "तुमच्या देवघरातल्या रुमालांत तुमच्या खापरपणज्यांचे कागद बांधलेले आहेत. वाळवी ते खाते आहे आणि आपण आरत्या म्हणतो आहोत! बाहेर काढा ते!" टाळ्या. घसा पार बसला. सौ.ने ज्येष्ठमध दिले. एकूण प्रसन्न.

शु. ११
कागद बाहेर निघाले, पण माझ्याकडे नाही आले. पुण्याचा विश्वनाथ मळवलीत उतरला आहे. यापुढे नुसता वि. लिहीन, पूर्ण नावाला शाई कशाला. कॉलेजात वादसभेत उभा राहिला की याचे पाय लटपटत. हल्ली खांद्यावर पोते टाकून जुने कागद जमवत हिंडतो. पडवीत घोंगडी टाकून बसला, आणि लोक आपणहून रुमाल घेऊन आले. भाषण माझे, पोते त्याचे!

शु. १३
जाऊन पाहिले. (लपून नव्हे. समोरच्या ओट्यावरून.) वि. कुंचल्याने धूळ झाडतो, हळू आवाजात वाचतो, मध्येच विचारतो, "मावशी, वडाखालचं शेत म्हणजे कोणतं हो?" मावशी म्हणाली, "आरं, त्ये आता माज्या जावंनं बळकावलंय की!" हशा. एका पाटलाने सहीच्या जागी नांगर काढलेला, तो बघायला बाया पुढे सरकल्या. कोणी टाळी वाजवत नाही. पण कोणी उठतही नाही. माझ्या व्याख्यानातून तंबाखूला तरी उठतात.
आवाज इतका बारीक की ऐकायला वाकावे लागते. हाही डावच.

भाद्रपद व. २
लोहगडाच्या पायथ्याच्या गोविंदआबा पाटलांचा रुमाल अजून वि.ला मिळालेला नाही. सगळ्यांत मोठा तोच. मला हवा. आबांच्या पूर्वजाने गडासाठी रक्त सांडले, हे मी वर्षानुवर्षे व्यासपीठावरून गर्जतो आहे. आधार ऐकीव. दिवाळीनंतर तळेगावच्या सभेत कागद हातात धरून बोललो, तर वि. कुठे आणि मी कुठे.
आज भातखाचरे तुडवत गेलो. देवघरात तांबडा रुमाल, वर हळदीचे थर. आबा म्हणाले, "पितरं चाललीत अण्णा, आता हात लावायचा न्हाई. दसऱ्याला पुजतो, पर गाठ न सोडता. बापानं सोडली न्हाई, म्याबी न्हाई." मग कोनाड्यातून एक सुटा कागद काढला. "ह्यो भाईर पडलेला. वाचा बरं."
मोडी. वडिलांच्या हातची येते मला. ही म्हणजे पावसाने झोडपलेला वेल. कागद कपाळाला लावला आणि पूर्वजांवर बोललो. चांगला बोललो, सुनेने डोळ्याला पदर लावला. आबा म्हणाले, "लय झ्याक. आता ह्यात काय लिवलंय त्ये सांगा."
चष्मा विसरलो म्हणालो. चष्मा नाकावर होता. मग म्हणालो, हा लांबचा.

व. ५
सौ.ला सांगितले. म्हणाली, "मग भावजींना विचारा ना!" भावजी! मी खंडाळ्याला बोलायला गेलो त्या दिवशी हा घरी येऊन थालीपीठ खाऊन गेला. "तुमच्या मळवलीच्या भाषणाला मागे उभे होते म्हणे. फार वाखाणत होते हो."
म्हणजे चोर मंडपातच होता.

आश्विन शु. ४
आबांचे बोलावणे. गेलो तर वि. आधीच पडवीत, गुळाचा चहा पीत. आबा म्हणाले, "अण्णा, तुमच्या भाषणानं सून रोज माज्या मागं लागलीया. दसऱ्याला गाठ सोडतो. पर ह्यांचा आवाज उंबऱ्याभाईर जात न्हाई, आन् तुमचा चष्मा लांबचा. ह्यांनी वाचायचं, तुमी गावाला सांगायचं."
"आणि रुमाल कोणाकडे?"
"त्ये मागनं बघू."
वि. म्हणाला, "मला चालेल." त्याला चालणारच. मी त्याचा भोंगा!

शु. ९
जाणार नाही.
सौ.ने कोटाची बटणे शिवून ठेवली आहेत. विचारले कशाला, तर म्हणाली, "तुम्ही नाही गेलात तर भावजी एकटे वाचतील."

विजयादशमी
गाठ हळदीने दगड झालेली. आबा कापू देईनात. वि. आणि मी गुडघ्याला गुडघा लावून नखांनी सोडवली. अंगणात सगळा गाव.
पहिला कागद. वि. वाचता वाचता थांबला. माझ्या कानाशी येऊन अर्थ सांगितला. मग म्हणाला, "हवं तर सांभाळून सांग." सगळ्यांत जास्त ते झोंबले. माझ्यावर दया, आणि याची!
उभा राहिलो. पूर्ण आवाजात सांगितले: आबांचा तो पूर्वज गडाच्या किल्लेदाराला लिहितो, भाताची लावणी खोळंबली आहे, पहाऱ्यातून चार दिवस घरी सोडावे. रक्ताचा शब्द नाही.
 मग आबा हसू लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आमचाच हाय ह्यो! आमचाच!" गाव हसला, टाळ्या पडल्या. कोणासाठी, अजून ठरत नाही. तळेगावला आता काय गर्जू, तेही नाही.
"पुढचा वाचू?" वि.ने विचारले. "आता फुडल्या दसऱ्याला," आबा म्हणाले आणि रुमाल पुन्हा बांधायला घेतला. टोके वि.ने ओढून धरली, गाठीवर बोट मी ठेवले. निघताना विचारले, पुढच्या वेळी निरोप आधी कोणाला? आबा नुसते आपट्याची पाने वाटत राहिले. वि.ला माझ्या आधी दिली. तो जवळ उभा होता म्हणून असेल.