भट्टीला हवा लागते

२८ ऑक्टोबर

मिलोये गेला. ऑस्ट्रियात ट्रक चालवणाऱ्याशी लग्न केलं म्हणजे नवरा सणापुरता. आता डिसेंबरात संत निकोलाच्या सणालाच उगवेल. तोवर घर ऊबदार ठेवणारी तळघरातली भट्टी माझ्या गळ्यात!

जायच्या आधी घाईघाईत समजावलं. पहिल्यांदा धुराड्याची झडप उघडायची. मग राख काढायची, मग बारीक लाकडं, ती धरली की ओंडके. काटा लाल रेघेपुढे गेला तर खालचं दार लावून टाकायचं. एवढं सांगून बॅग खांद्याला, एक पाय पायरीवर, तिथूनच ओरडला, "आणि भिंतीतलं भोक उघडं ठेव गं! भट्टीला हवा लागते!"

मी नुसती मान डोलावली. डोक्यात एकच — फुटली तर?

सासूबाई वरून म्हणाल्या, "तिला कशाला शिकवतोस? ती काडेपेटीसुद्धा चिमटीत धरते."

खोटं काय आहे त्यात.

३१ ऑक्टोबर

पेटवली. झडप उघडायची विसरले. तळघर धुराने भरलं, मी खोकत खोकत रडले, पुन्हा पेटवली. धरली! आणि मग पाइपांत ठोके पडायला लागले — ठक, ठक, ठकठक. लेकीला, नेवेनाला, काखेत मारून सपातांनिशी अंगणात पळाले. मिलोये फोनवर हसतोय. "हवा अडकलीय. रेडिएटरची किल्ली फिरवून सोड." सोडली, तर काळं पाणी थेट तोंडावर.

सासूबाई दारातून बघत होत्या. टॉवेल मात्र आणून दिला.

४ नोव्हेंबर

कोशावा वारा सुटला. डॅन्यूबवरून येतो आणि घर नुसतं हलवतो. भट्टी मध्येच घोंगावते, मध्येच एकदम गप्प. गप्प झाली की मला जास्त भीती वाटते.

सासूबाईंनी कमरेला लोकरी पट्टा बांधला. "प्रोमाया!" दोन फटींमधून आरपार जाणारा वारा, म्हणजे आमच्याकडची सगळ्यात मोठी वैरीण. दात दुखला, प्रोमाया. मान धरली, प्रोमाया. शेजाऱ्यांचा घटस्फोट झाला तोही त्यांच्या मते उघड्या खिडकीपायी! मी हसते खरी. पण नेवेनाचे केस ओले असताना खिडकी उघडायची माझीही छाती होत नाही.

त्यांची खोली भट्टीच्या बरोब्बर वर, म्हणून सगळ्यात उबदार. थंडी वाढल्यापासून नेवेना तिथेच आजीच्या कुशीत झोपते. मोडलेलं खुब्याचं हाड सांधलं तेव्हापासून सासूबाई मागच्या पायऱ्या उतरत नाहीत. तळघर, मागचं अंगण, लाकडांचा ढीग — सगळं माझंच राज्य. नको असलेलं.

९ नोव्हेंबर

रस्त्यात धुराडेवाला दिसला. तो दिसला की बटण धरायचं, नशीब उघडतं म्हणतात; लगेच कोटाचं बटण धरलं. आता हसू येतंय, पण ते सोडलं नाही, तसंच धरून त्याच्याशी बोलले.

दुपारी आला. ब्रश घालून बादलीभर काजळी काढली. छपरावरूनच विचारलं, "ताई, हवेचं भोक मोकळं आहे ना?"

"मोकळंय!" मी खालून ओरडले.

रोज सकाळी बघते की. आतली जाळी फडक्याने पुसतेसुद्धा. भट्टीच्या बाबतीत मला येणारी तेवढी एकच गोष्ट.

१३ नोव्हेंबर

सासूबाईंचं डोकं दुखतंय. कपाळाला बटाट्याच्या चकत्या बांधून बसल्यात. प्रोमाया, अर्थात!

१५ नोव्हेंबर

नेवेनाही सकाळी उलटी करते, पाय ओढते. बालवाडीत गेली की ठणठणीत. बाई म्हणाल्या, अहो, आज तर सगळ्यांत जास्त नाचली! म्हणजे नाटकं. रागावले तिला.

१८ नोव्हेंबर

भट्टी नीट जळत नाही. ज्वाळा पिवळी, आळशी, धूर जास्त. आणखी लाकडं घातली. आणखी धूर. मला काहीतरी वाईट वाटतंय आणि ते काय हे सांगता येत नाही. खाली जाताना भिंतीला हात लावत उतरते.

सासूबाईंच्या खोलीची खिडकी उघडली. त्यांनी लावली. मी पुन्हा उघडली.

"मारायचंच असेल तर कुऱ्हाड आण," म्हणाल्या. "प्रोमाया कशाला?"

"बरं, मग गुदमरा!" मी म्हटलं. आणि खिडकी आपटून लावली.

२१ नोव्हेंबर

दवाखान्यात बसून लिहितेय. अक्षर नीट येत नाही.

सकाळी नेवेनाला हाक मारली. उठेना. गाल गुलाबी, छान, जणू आताच बर्फात खेळून आली. उचलली तर मान लोंबली. सासूबाई दाराशी पडलेल्या, हात कडीकडे. दोघींना कसं ओढलं आठवत नाही. फक्त अंगण आठवतं, आणि तोंडावर येणारा तो कोशावा. घे गं, घे, श्वास घे! नेवेना ओकली आणि भोकाड पसरून रडली. इतकं सुंदर रडणं मी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, जळकी हवा, कार्बन मोनॉक्साइड. तिला वास नसतो. "थोडा उशीर झाला असता तर —" एवढंच बोलले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी इतके दिवस भट्टी फुटेल म्हणून घाबरत होते! ती फुटली नाहीच. गुपचूप वर चढत होती, पाइपांच्या बाजूच्या फटींतून, माझ्या लेकीच्या उशीपर्यंत.

२२ नोव्हेंबर

नेवेनाने पॅनकेक मागितला. जॅमचा. दोन खाल्ले.

२५ नोव्हेंबर

दोघी घरी आल्या. त्याच वेळी अग्निशमनवाले तपासणीला आलेले. आतली जाळी स्वच्छ. मग एकजण घरामागे गेला आणि बाहेरच्या तोंडातून सळईने ओढून काढला — काळा, ओला, लोकरीचा बोळा. भोक अर्ध्यावर ठासून बंद! मी महिनाभर बंद भोकाची जाळी पुसत होते.

त्याने तो पुढच्या अंगणात आणून टाकला. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, इकडे आण. उलटासुलटा केला. एका काठावर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीच कोंबला. प्रोमाया येत होती."

मी त्या माणसांसमोर ओरडले, "तुम्ही माझ्या लेकीला मारायला निघाला होतात!"

"हो," म्हणाल्या. मग बोळा मांडीवर ठेवून, "मिलोयेला फोनवर सांगू नकोस. एवढा मोठा ट्रक चालवतो. हात कापेल त्याचा."

२६ नोव्हेंबर

त्यांना कुचेव्होला नणंदेकडे सोडून आले. उतरताना म्हणाल्या, "नेवेनाला टोपी घालत जा." मी दार ओढून घेतलं. म्हटलं, आमच्या घरात परत पाऊल टाकायचं नाही.

मिलोयेला एवढंच सांगितलं, आई लेकीकडे राहायला गेल्यात. खूश झाला. "बरं झालं, तिलाही बदल!"

३ डिसेंबर

आता भट्टी सुंदर जळते. भोकात दोन्ही बाजूंनी हात घालून बघते, मगच काडी ओढते. वरच्या खोलीत धोक्याची घंटी लावलीय.

तरी भीती जात नाही. नेवेना झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बसते. ती जागी होऊन विचारते, "आजी कधी येणार?" मी तिचं पांघरूण सारखं करते. तोही प्रश्न मला घाबरवतो.

१० डिसेंबर

नणंदेचा फोन. आई जेवत नाहीत. मी म्हटलं, त्यांचा तो जुना हट्टच आहे.

१८ डिसेंबर

मिलोये आला. उद्या सण. गव्हाचा प्रसाद शिजतोय, पाहुणे येणार, आणि हा कपाट उपसतोय. "आईने विणलेला राखाडी स्वेटर कुठाय गं?" मग स्वतःच कपाळावर हात मारून हसला. "अरे, तो मीच सप्टेंबरात मागच्या भोकात कोंबला होता! आई प्रोमाया प्रोमाया करून डोकं खात होती. म्हटलं, पेटवायच्या आधी काढू. तू काढलास ना?"

सासूबाई मागच्या पायऱ्या उतरत नाहीत. हे मीच लिहिलंय, याच वहीत!

त्याला अजून काही बोलले नाही. गाडीची किल्ली समोर पडलीय. कोणत्या तोंडाने कुचेव्होला जाऊ?