बारावा ठोका

लासुर्णे, ११ ऑक्टोबर १९५६
पोचलो एकदाचा! परीक्षेसाठी वाद्यवृंदाची वीस मिनिटांची नवी रचना द्यायचीय, आणि ती धनगरांच्या ढोलावर बांधायचं मुंबईत आमच्या वर्गात कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पहिला नंबर माझाच. महिपती आबांकडे उतरलोय. पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आणि वांगी. त्यांच्या कारभारणीनं, सरुबाईंनी, इतका आग्रह केला की पानावरून उठवेना. आबांचा धाकटा भाऊ सोपान माझ्या चष्म्याची सारखी टिंगल करतो. लाख माणूस.

१२ ऑक्टोबर
दसऱ्याला बिरोबापुढं आबा ढोल वाजवतात, सोपानच्या अंगात येतं, तो तलवार पोटावर मारून घेतो. शेवटच्या बारा ठोक्यांनी देव अंगातून उतरतो. ते ठोके घरातल्या फक्त थोरल्या मुलाला शिकवतात; आबांना मूल नाही. आबा म्हणाले, देव उतरल्याबिगर हात थांबवायचा न्हाय, मग घर पेटलं तरी. मला हसू आलं. आमच्या तालमीत दर दोन मिनिटांनी थांबवतात.

१४ ऑक्टोबर, दसरा
ढोल असा रंगला की माझी पेन्सिल मागं पडली. एक वळण लिहायचं राहिलं आणि तालमीतल्या सवयीनं मी ओरडलो, थांबा, तेवढं परत. पाहुण्याचा मान म्हणून आबा थांबले. गाढव मी, गाढव. सोपाननं तलवार पोटावरून उचलली ती आबांच्या मनगटावर घातली. ढोलाचं टिपरू धरलेला पंजा धुळीत पडला. आडवा आलेला पुजारी बिरू खांद्यापासून चिरला गेला. मग सोपान उसात शिरला. तो रडत होता, हे मी पाहिलंय.

१५ ऑक्टोबर, बारामती
दवाखाना. आबांनी डाव्या हाताच्या बोटांनी माझ्या तळव्यावर ठोके दिले. मी मोजत होतो. अकरा झाले आणि आबा गेले. सरुबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, पोलीस भावजींना गोळी घालायला निघाल्यात. तुमी थांबवलंय, आता तुमीच उतरवा.

१६ ऑक्टोबर, लासुर्णे
दुपारी देवळापुढं ढोल घेतला. पहिल्याच ठोक्याला सोपान उसातून बाहेर आला. अकरा ठोके होईतो तलवार खाली खाली येत गेली. बारावा मी ढोलाच्या मधोमध दिला. चुकला. सरुबाई त्याला कवेत घ्यायला पुढं गेल्या होत्या. त्यांची मान —
त्यांनीच त्याला लहानाचा मोठा केला होता.

१७ ऑक्टोबर
बारावा कडेवर. चुकला. गोळी झाडायला आलेला हवालदार तलवारीखाली गेला.
हलका, नुसत्या बोटांनी. चुकला. गाव दारं लावून बसलंय.
मला तो शिवत नाही. बारावा मीच वाजवायचाय ना.
मी रचनाकार म्हणवतो. एक ठोका रचता येत नाही.

१८ ऑक्टोबर
सोपानची बायको रंगूबाई आलीय. पळून जा म्हणालो. म्हणाली, माझा माणूस हाय, मी हितंच उभी ऱ्हानार, वाजवा.
अकरा झाले.
अकरानंतर तो थांबतो. वाट बघतो. म्हणून एवढं लिहितोय, डाव्या हातानं. उजवा ढोलावर आहे.
तलवार तिच्या डोक्यावर. तिनं डोळे मिटलेत. तो ओठ हलवून मला म्हणतोय, लवकर, लवकर —
मधोमध नाही. कडेवर नाही. हलका नाही. मग जोरात, सगळ्या —
त्याला हात आवरेना, तलवार तिच्यावर सुटायला ला