म्हातारीची लस

३ फेब्रुवारी
नोटीस आली. महिनाअखेर परवाना, नाहीतर कुत्र्यांच्या पाळणाघराला टाळं. सात वर्षं लोकांची कुत्री सांभाळतेय, आणि आज कळलं — मी बेकायदा! जागेचा दाखला, सांडपाण्याची वेगळी जोडणी, आजारी कुत्र्यासाठी स्वतंत्र खोली, प्रत्येकाची लसीची पुस्तिका... यादी दीड पान. टाळं लावू देणार नाही म्हणजे नाही.

७ फेब्रुवारी
अडगळीची खोली रिकामी केली. आता ती आजारी कुत्र्यांची. अडगळ माझ्या पलंगाखाली.

११ फेब्रुवारी
फाइल लावायला बसले. बत्तीस पुस्तिका, सगळ्या चोख. असणारच! दारावर पाटी मीच लावलीय — लस नाही, तर प्रवेश नाही. मागच्या वर्षी शेजारच्या इमारतीतल्या बाईंना (निवृत्त शिक्षिका, एकट्याच असतात) दारातून परत पाठवलं होतं. त्यांच्या कुत्र्याच्या लसीची तारीख उलटून दोनच दिवस झाले होते. "अहो, बहिणीकडे जायचंय, दोन दिवसांचं काय घेऊन बसलात?" मी ऐकलं नाही. त्यांचं बहिणीकडे जाणं राहिलंच.

शेवटी म्हातारीची पुस्तिका काढली. माझी स्वतःची कुत्री, बारा वर्षं माझ्या पायात घोटाळणारी. तिची लस पाच महिन्यांपूर्वी संपलीय! बत्तीस जणांच्या तारखा मला तोंडपाठ, आणि हिची नाही. स्वतःचीच लाज वाटली.

१२ फेब्रुवारी
डॉक्टरांनी लस टोचली. म्हणाले, "मागची तारीख टाकून देतो, कोण बघतंय?" हो म्हणणारच होते. मग ती पाटी आठवली. म्हटलं, आजचीच टाका.

पण लस चुकलेलं जनावर नव्या लसीनंतर एकवीस दिवस आवारात ठेवायचं नाही, असा नियम. आणि तपासणी वीस तारखेला! हिला ठेवू कुठे?

१३ फेब्रुवारी
सगळ्यांना विचारून झालं. नाक मुठीत धरून बाईंकडे गेले. त्यांचा कुत्रा दोन महिन्यांपूर्वी गेला. पट्टा अजून दारामागच्या खुंटीला आहे. सगळं खरं सांगून टाकलं.

"पाच महिने?" त्या म्हणाल्या. "माझे तर दोनच दिवस होते."

मी मान खाली घातली.

"ठेवून जा तिला. माझ्या दारावर पाटी नाही."

२० फेब्रुवारी
तपासनीस आले. गटार बघितलं, खोलीचं दार दोनदा उघडून बघितलं, पुस्तिका एकेक करून तपासल्या. "तुमचं स्वतःचं कुत्रं?" लस चुकली, म्हातारी कुठे आहे, सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. त्यांनी वाचलं आणि शिक्का मारला.

२६ फेब्रुवारी
परवाना आला! पाटीशेजारी खिळा ठोकून लावला. घरात कुत्री भरपूर, पण पायात कोणी घोटाळत नाही. अजून सात दिवस.

५ मार्च
म्हातारीला आणायला गेले. दारापर्यंत आली, माझा हात चाटला, आणि वळून बाईंच्या पायाशी जाऊन बसली. मी पुढच्या लसीच्या तारखेखाली लाल रेघ ओढली आणि पुस्तिका त्यांच्या हातात दिली.